तुझ्या गाडीचा ऑइल कूलर

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू झालं का काम एवढंच विचारतेस, मी होतंय म्हणतो, आणि तेवढ्यात तुझी आई माझ्या हातातून फोन काढून घेते. म्हणून लिहायला बसलोय. रविवारी तू गाडी न्यायला येशील, त्याआधी हे तुला मिळायला हवं.

कूलर शेवटी मधल्या आकाराचा घेतला. दुकानदार सगळ्यात मोठा गळ्यात मारत होता. त्याला म्हटलं, अरे बाबा, शर्यतीची गाडी आहे, शीतगृह नाही. तेल फार थंड राहिलं तरी इंजिनाचे हालच. म्हणून तेल तापल्यावरच कूलरकडची वाट उघडेल असा थर्मोस्टॅट असलेली चकती आणली. ती इंजिन आणि फिल्टरच्या मध्ये बसते. पण चकतीचे आटे एका जातीचे आणि नळीच्या टोकाचे भलत्याच! आधी गोडीगुलाबीने आत शिरतं आणि मग अडून बसतं, थेट तुझ्यासारखं. लेथवाल्याकडून मधला जोड करून घेतला. तो तुझ्या पायाची चौकशी करत होता. पाय बरा आहे, डोकं मात्र होतं तसंच आहे, असं सांगितलं. हसला बिचारा.

नळ्यांनी माझा घाम काढला. काटकोनात वळवावी तर तेलाचा दाब कमी होतो, सरळ न्यावी तर चाकाला घासते. ताणून बसवावी तर इंजिन हललं की उपटून येईल. शेवटी मोठा वळसा देऊन, थोडी ढील ठेवून नेल्या. कापताना नळीवरच्या जाळीची तार बोटात घुसली. तुझी आई हल्ली माझं काम बघत स्टुलावर बसून असते. ती चिमटा घेऊन आली. तार काढता काढता म्हणाली, अहो, हे आधी असतं तर त्या दिवशी इंजिन जाम झालं नसतं ना? मी म्हणालो, नसतं झालं. म्हणजे आता पोर नक्की शर्यतीला जाणार, असं म्हणून ती आत गेली.

तुला तो घाटातला चढ आठवत असेल; मला तर रोज आठवतो. तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं, ऐन वळणावर इंजिनाने मान टाकली, चाकं अडकली आणि गाडी खाली. तू हॉस्पिटलात डोळे उघडलेस आणि पहिला प्रश्न काय, तर तेल किती तापलं होतं! मला हसूही आलं आणि रडूही. तू जेवत नव्हतीस, भिंतीकडे तोंड करून पडायचीस. कूलर बसवून देतो म्हणालो, तेव्हा उठून बसलीस आणि चमचा हातात घेतलास. त्या क्षणी मी काहीही कबूल केलं असतं.

काल तुझी आई माझ्यासमोर रडली. एक सांधा सैल ठेवा म्हणाली. दारातच तेल गळेल, गाडी निघणार नाही, पोर घरी राहील. मी पाना घेतला, खोटं कशाला सांगू, सांधा थोडा सैल केलाही. मग मनात आलं, दारात नाही गळालं आणि चढावर गळालं तर? परत आवळला, पुन्हा पुन्हा तपासला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं काही चुकलंय असंही मला वाटत नाही. गाडी तयार आहे. थेंबभरसुद्धा गळत नाही. तुला अडवेल असं गाडीत मी काहीच शिल्लक ठेवलेलं नाही, म्हणून आता तोंडानेच सांगतो: नको जाऊस गं राणी. रविवारी ये, जेव, गाडीही ने, पण त्या शर्यतीला नको जाऊस. मला याहून मोठ्याने सांगता येत नाही. आणि गेलीसच, तर तेल पुरतं तापेपर्यंत जोर लावू नकोस.

तुझाच,
बाबा