बुडायचं राहिलेलं पात्र

ता. २ ऑक्टोबर १९१८, भातकुली

बडनेऱ्याहून छकड्यात आलो. दोन्ही बाजूंना कपाशी फुटू लागलेली. नात तारा वाटभर बोंडांशी बोलत होती. अकोल्याची मास्तरकी सुटल्यावर या म्हाताऱ्याला कुणी काम देईल असं वाटलं नव्हतं. इथले ज्योतिषी मोरोपंत जोशी यांची दृष्टी गेली, म्हणून त्यांचं घटिकापात्र मी सांभाळायचं. पाण्याच्या घंगाळात बारीक भोकाची तांब्याची वाटी तरंगत ठेवायची. भरून बुडाली की एक घटिका. भिंतीवर कुंकवाची रेघ ओढायची, वाटी काढून पुन्हा ठेवायची. सूर्योदय ते सूर्यास्त. बदल्यात दोघांना जेवण, आणि ताराला अंगण. आईबाप गेल्यापासून पोर आज पहिल्यांदा हसली.

फुलं घेऊन येणाऱ्या वच्छलेनं मात्र बघताक्षणी विचारलं, "मास्तर, टेशनावर एवढं मोठं घड्याळ हाये, अन् तुमी वाटी बुडवत काहून बसले?"

ता. ७

जन्मभर वर्गात काळाला नदी म्हटलं, पोरांकडून आर्या घोकून घेतल्या. मोरोपंत हसले. म्हणाले, काळ वाहत नाही मास्तर, तो या पाण्यासारखा सगळा इथंच आहे. भरत जातो ते आपण. ब्रह्मांडसुद्धा असंच एक पात्र. बुडतं, कुणीतरी उचलतं, पुन्हा ठेवतं.

मला माझी जुनी शाळा आठवली. चिंचेखालचा वर्ग, ओल्या पाटीचा वास. म्हणजे तेही इथंच कुठंतरी असेल! दिवसभर गुणगुणत होतो.

एक नियम त्यांनी दोनदा बजावला: भरण्याआधी पात्र उचलायचं नाही.

ता. १५

मानमोडीचा ताप गावात शिरला. वच्छलेचा दीर गेला. ताराचं अंग सकाळपासून तापलंय.

ता. १८

तिला धाप लागलीय. मोरोपंतांना तिची पत्रिका वाचून दाखवली. उद्याची अठरावी घटिका, म्हणाले. ती बुडेल तेव्हा... जपमाळ घेतली.

ता. १९

सतरा रेघा झाल्या. अठरावं पात्र काठाशी आलं. तारानं श्वास आत घेतला. मी वाटी उचलली.

तारा आहे! आहे!

ता. १९

ऊन अंगणात तिथंच. वच्छला परडी घेऊन दारात, पोरीले कसं हाये म्हणते. पुन्हा तेच. पुन्हा. मोरोपंतांचं बोट त्याच मण्यावर. तारा पाणी मागते, पण घोट उतरत नाही.

ता. १९

किती वेळा झोपलो, ठाऊक नाही. माझी नखं वाढलीत. तिचा श्वास आतच आहे. बाकी कुणाला कळत नाही, तिला सगळं कळतं. आज पाणी मागितलं नाही. ओठ हलले — आबा, सोडा ना.

ता. १९

नाही सोडणार. एवढी एकच उरलीय मला.

१९

तिचे डोळे — नाही बघवत. हरलो. वाटी पाण्यावर ठेवतो. बाळा, क्षमा —

१९

भोकातून पाणी चढत नाही. बोटानं दाबतो, वर येते. कोरडी. मोरोपंतांना हलवलं, ओरडलो — तोच मणी —

तारा बघतेय. सोडलं गं मी, सोडलं, पण —

वच्छला दारात — पोरीले कसं