नदीकडच्या बुरुजावरचा पहारा

सोमवार, ४
आज किल्ल्यावर रखवालदार म्हणून कामावर रुजू झालो! या वयात मला कोण ठेवून घेणार म्हणून महिनाभर जीव टांगणीला लागला होता. पण साहेबांनी शिट्टी, टोपी आणि नदीकडचा बुरूज माझ्या हवाली केला. काम सोपं आहे. कोणी कठड्यावर चढलं की शिट्टी फुंकायची. बुरुजाला अठ्ठावीस पायऱ्या. भिंत इतकी जाड की तोफेच्या झरोक्यात मी पाय पसरून झोपू शकेन. खाली नदी, पलीकडे नवं शहर. वारा मात्र बाधेल की काय, अशी भीती वाटते. ही वही लेकीने दिली. म्हणाली, बाबा, मनात येईल ते हिच्यात लिहा, माझं डोकं खाऊ नका. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, चुकलंमाकलं तर कोण बघतंय?

मंगळवार, ५
कोपऱ्यातल्या झरोक्यात एक शिपाई उभा असतो. जुन्या काळचा अंगरखा, हातात भाला, तोंड नदीकडे. किल्ला बघायला येणाऱ्यांसाठी वेश चढवून उभा केला असणार. पण लोक त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. दिवसभरात तो एकदाही बसला नाही, पाणीसुद्धा प्यायला नाही. मला उगाच घोर लागला. जेवताना लेकीला सांगितलं, तर म्हणाली, तुम्हाला काळजी करायला आणखी एक जण मिळाला!

बुधवार, ६
आज शिपायाचे पाय पाहिले. सुजून टम्म झालेत, टाचा फुटल्यात. मला राहवलं नाही. म्हटलं, जा रे बाबा, घटकाभर बसून ये, तोवर तुझ्या जागी मी उभा राहतो. त्याने मान वळवली. चेहरा विशीतला, डोळे माझ्याहून म्हातारे. भाला माझ्या हातात दिला आणि धावत जिना उतरला. रडत होता की हसत होता, कळलं नाही. किल्ला बंद व्हायची वेळ झाली तरी परत आला नाही. भाला भिंतीला टेकवून घरी आलो. पाय फार ठणकतायत.

गुरुवार, ७
तिकीटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, काका, इथे पंखा दुरुस्त करायला माणूस मिळत नाही, शिपाई कुठून उभे करणार? उन्हात टोपी घालत जा. झाडणाऱ्या मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांची सासू सांगायची म्हणे, वेढा पडला तेव्हा फौज नदीच्या दाराने निघून गेली आणि या झरोक्यातल्या पहारेकऱ्याला उतर म्हणायचं राहून गेलं. दुसरा कोणी जागा घेईपर्यंत पहारेकऱ्याने हलायचं नाही, असा तेव्हाचा नियम. मावशींनी विचारलं, तुम्ही त्याच्याशी काही बोलला नाहीत ना? मी नाही म्हटलं. खोटं बोललो.

शुक्रवार, ८
दार उघडायच्या आधीच मी वर. कसा आलो, आठवत नाही. बसायला गेलो तर गुडघे वाकेनात. भाला हातात आहे. वही कठड्यावर ठेवून उभ्यानेच लिहितोय.

शनिवार, ९
घरी जायचंय. चार वेळा निघालो. नवव्या पायरीवर डोळे मिटतात, उघडतात तेव्हा पुन्हा झरोका, पुन्हा नदी. शिट्टी फुंकली. कोणी वळून पाहिलं नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर तिकीटवाला साहेबांना सांगत होता की म्हातारा न सांगता पळाला, टोपीसुद्धा परत केली नाही.
टोपी माझ्या डोक्यावर आहे.

रविवार, १०
लेक खाली आलीय. माझा फोटो एकेकाला दाखवत फिरतेय. हाक मारायला तोंड उघडलं आणि दाबून धरलं. दमलेला माणूस दिसला की तिला राहवत नाही, अगदी माझ्यावर गेलीय. अशाच माणसाला झरोक्यातला पहारेकरी दिसत असेल तर—
नको. मी उभा राहीन. कितीही वर्षं. पण ती—

मावशी तिला जिना दाखवतायत.

वर येतेय.

मी नदीकडे तोंड केलंय. हलत नाही. श्वासही—

बाबा म्हणाली.

बघू नकोस, पोरी. जा. मी बोलत नाही, मान वळवत नाही—
म्हणतेय, पायांचं काय करून घेतलंत हे, आधी खाली बसा, तोवर मी उभी राहते तुमच्या—

नाही नाही

गुडघा वाकला. पाय हलके झाले, आपोआप जिन्याकडे— भाला तिच्या हा