तू मगर व्हायचीस म्हणे

आई, गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे तुझं इतकं कौतुक केलं, की तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. बाई मूळची ट्यूनिशियाची, माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान, दुबईत तिचा मोठा दवाखाना आहे. खुर्ची मागे पाडता पाडता तिने माझं लहानपण कुठे गेलं ते विचारलं. मी म्हटलं, अल ऐनला, माझी आई हॉस्पिटलमागच्या फ्रेंच पाळणाघरात शिकवायची. झालं. बाई त्याच पाळणाघरातली निघाली, हातातलं काम सोडून बोलायलाच लागली. तू म्हणे जमिनीवर पालथी पडून मगर व्हायचीस आणि पोरं तुझ्या पाठीवरून नदी पार करायची. तू म्हणे कुणाला कधी घाई केली नाहीस. "शी टॉट मी हाऊ टू प्ले," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. तोवर माझ्या तोंडात कापूस कोंबलेला होता, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही. आलं असतं तर सांगितलं असतं, की बाई, मी तिची सख्खी मुलगी आहे आणि ही मगर माझ्या वाट्याला कधी आली नाही.

पुण्यात तू फ्रेंचच्या परीक्षा दिल्या होत्यास, शाळेत फ्रेंच शिकवलंही होतंस. बाबांना अमिरातीतल्या अल ऐनच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये नोकरी लागली आणि आपण तिकडे गेलो, तेव्हा मी सात वर्षांची होते. तिथे ट्यूनिशिया, मोरोक्को, लेबनॉनहून आलेले डॉक्टर आणि प्राध्यापक होते, आणि त्यांच्या पोरांसाठी एका लेबनीज बाईंनी व्हिलात पाळणाघर काढलं होतं. त्यांना सगळे मादाम म्हणायचे. फ्रेंच येणारी हिंदुस्थानी बाई मिळाली म्हणून मादाम खूश, आणि तू तर हवेतच. रोज संध्याकाळी आपल्या जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम मांडला जायचा. हात धुण्याचं चित्र, गोलात बसण्याचं, रंगांचं, वाळूचं, झोपेचं. चित्रांचे हे पत्ते तू सकाळी भिंतीवर ओळीने लावायचीस, म्हणजे वाचता न येणाऱ्या पोरांनाही पुढे काय आहे ते कळायचं. एकदा तू ओट्यावर मैदा, मीठ आणि तेल मळून हळदीचा पिवळाधमक गोळा केलास. अजून कोमट होता. मी त्यात बोट खुपसलं तर तू हातावर चापट मारलीस आणि म्हणालीस, ते उद्याचं आहे. मग माझ्यासाठी आजचं काय होतं? सतराचा पाढा. ओट्याला टेकून, उभ्याने.

शाळेची बस दीड वाजता मला पाळणाघराच्या फाटकाशी सोडते. आत पोरं झोपलेली, पडदे ओढलेले, एसीची घरघर. मागच्या खोलीत कपाटाशेजारी एक खुर्ची आहे, ती माझी. अडीचला पोरं उठतात, मग खाणं, मग खेळ, आणि साडेचारपर्यंत त्यांचे आईबाप येत राहतात. तीन तास मी गणिताची वही पुढ्यात घेऊन दाराच्या चौकटीतून तुला बघते. तू पोरांच्या उंचीला येऊन बसलेली आहेस. एक पोरगी पाणी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओततेय, सगळं सांडतंय, आणि तू तिला अडवत नाहीस, कारण खेळणाऱ्या मुलाला मध्येच थांबवायचं नाही असा तिथला नियम आहे. तू तिच्या वहीत लिहितेस, की आज हिने वीस मिनिटं पाण्याशी एकटीने खेळ केला. प्रत्येक पोराची अशी वही होती, आठवड्याच्या शेवटी घरी जायची. एका बापाने विचारलं होतं, की ही नुसती खेळतात, शिकतात कधी? तू इतकं गोड हसलीस आणि म्हणालीस, की खेळ हेच त्यांचं काम आहे. मी आत सव्वीस गुणिले चौदा करत होते.

त्यातल्या एका मंगळवारी मादाम मागच्या खोलीत आल्या, माझी वही मिटली आणि मला हाताला धरून गोलात नेऊन बसवलं. दिवस संपताना पोरं गोल करून बसायची आणि कापडी अस्वल हातोहात फिरायचं. ज्याच्या हातात अस्वल, त्याने आज आपण काय खेळलो ते सांगायचं. तू गोलाच्या मध्ये होतीस. मी मनात वाक्य जुळवायला लागले. दोन वर्षं दारातून ऐकून मला तेवढं फ्रेंच येत होतं, हे तुला माहीतही नव्हतं. काय खेळले हे मात्र ठरत नव्हतं, कारण खेळले काहीच नव्हते, म्हणून मी खोटंच सांगायचं ठरवलं, की पाणी खेळले. माझ्या अलीकडच्या पोराचं बोलून झालं. तू त्याच्याकडून अस्वल घेतलंस आणि माझ्या पसरलेल्या हातांवरून पलीकडच्या मुलीला दिलंस. मादामनी विचारलं, आणि ही मोठी? तू मान वर न करता फ्रेंचमध्येच सांगितलंस, की ती खेळायला येत नाही, ती माझ्यासाठी थांबते. गोलातल्या सगळ्या पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मांडीखाली घातले.

घरी जाताना गाडीत मी रडले, तर बाबांनी आरशातून पाहिलं. तू मागे वळलीस. तुझा आवाज चढलेलाही नव्हता. "ती पोरं खेळली तर चालतं गं. कुणाचा मामा पॅरिसला आहे, कुणाचा काका माँट्रियलला. आपला व्हिसा बाबांच्या नोकरीवर. नोकरी खलास, की आपण खलास. तुला मार्कांशिवाय कोण विचारणार आहे?" नऊ वर्षांच्या मुलीला तू हे सांगितलंस. तू घाबरलेली होतीस हे मला आज कळतं, पण कळलं म्हणून राग जात नाही. बाबांची नोकरी पुढे वीस वर्षं टिकली. त्या वीस वर्षांत तुला एकदाही पाच मिनिटं जमिनीवर बसता आलं नाही का, असं मी विचारणार होते. पण ते खरं नाही, त्याकडे मग येते.

मार्क मिळाले. आता मी ऑडिट करते, आणि माझ्या चार वर्षांच्या मुलीने खेळण्यातला फोन माझ्या कानाला लावला की मी विचारते, कोण बोलतंय, काय काम आहे? ती वैतागून म्हणते, "मम्मा, यू आर नॉट डूइंग इट राइट." मग ती तिला सांभाळणाऱ्या फिलिपिनो ताईकडे जाते. अनोळखी पोरांना तू जे ओंजळी भरभरून वाटलंस, त्यातलं चिमूटभरही घरी आणलं नाहीस. तुझ्या वह्यांमध्ये शंभरेक पोरांच्या हालचाली टिपलेल्या असतील. मी एका जागी न हलता बसायला किती तरबेज होते, हे कुणी टिपलं?

आता ते राहिलेलं. व्हिलाचा करार संपला, पाळणाघर बंद पडलं, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्यानंतरच्या एका शुक्रवारी सकाळी बाबा मासे आणायला गेले होते. मी खोलीतून बाहेर आले तर तू जेवणाच्या टेबलावरून पलंगपोस खाली सोडून त्याचं घर केलं होतंस आणि स्वतः आत जाऊन बसली होतीस. गुडघे धरलेले, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर विचित्र लाज. "आत ये ना," म्हणालीस. "जागा आहे." मी म्हटलं, "आय ॲम बिझी, आई. मॅथ्स आहे." तू म्हणालीस, बरं, होईल तेव्हा ये.

तू गेलीस, आता हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. आई, मला त्या दिवशी गणितबिणित काही नव्हतं. तुला ताटकळत ठेवायचं होतं. मी दाराच्या फटीतून पलंगपोसाखालून बाहेर आलेली तुझी पावलं बघत उभी राहिले, बाबांची गाडी वाजेपर्यंत, आणि तोवर तू एकदाही बाहेर आली नाहीस.