बैलाचं काळीज

३ डिसेंबर १९६१, दिग्रस
नागपूरच्या शिक्षक-शिबिराहून परतलो. तिथे प्राध्यापकांनी एका नव्या द्रव्याबद्दल सांगितलं — युबिक्विनोन. पेशीला अन्नातून शक्ती काढायला ते लागतं. श्वास घेणाऱ्या बहुतेक सगळ्या जिवांत सापडलंय! काही जंतूंत मात्र मुळीच नाही. असतं तिथे फरक एवढाच, की रेणूची शेपटी लांब-आखूड असते. यीस्टमध्ये सहा कड्यांची, उंदरात नऊ, माणसात दहा. बैलातही दहाच! आणि काळजात, म्हणजे हृदयात, सर्वांत जास्त.

१० डिसेंबर, गावी
बाबांना चार पावलांत दम लागतो. डॉक्टर म्हणाले, हृदय दुबळं झालंय, जपा. बस्स, एवढंच.
बैलातलं आणि आपल्यातलं ते द्रव्य सारखंच, हे बाबांना सांगितलं. हसले. "म्या एवढी ढोरं फाडली, मले त्यात मानूसच दिसे रे."
छप्पन साली नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर मेलेलं ढोर ओढणं आधी बाबांनीच सोडलं. मग सगळ्या वस्तीनं. गावानं विहीर बंद केली, तरी हटले नाहीत.

१७ डिसेंबर
बाबांचे पाय सुजलेत.

२४ डिसेंबर
गावातला एक बैल खड्ड्यात पडून मेला. माझ्या डोक्यात तेच — काळजात सर्वांत जास्त!
"बाबा, औषध म्हणून. काळीज तेवढं आणतो."
आईच्या हातातली भाकर तशीच राहिली.  बाबा म्हणाले, "मरन आलं तं येऊ दे. पन त्या रस्त्यानं मले माघारी नेऊ नको, श्रावण."
भिंतीकडे तोंड करून निजले.

२६ डिसेंबर
बाबा बोलत नाहीत. आई म्हणाली, "तुले त्याईचं काळीज वाचवाचं होतं ना बापा? मंग काहून तोडलं?"

३० डिसेंबर, नागपूर
मुद्दाम प्राध्यापकांना गाठलं. म्हणाले, "जीवनसत्त्वासारखं आहे, पण जीवनसत्त्व नव्हे. शरीर ते स्वतःच तयार करतं. खाल्ल्यानं दुबळं हृदय सुधारतं, असा काही पुरावा नाही."
म्हणजे बाबांना मी दुखावलं ते कशासाठी?

२ जानेवारी १९६२, गावी
पाया पडलो. बाबांनी पाठीवर हात ठेवला. "तू मले वाचवाले पाहे, ठाऊक हाय मले."
मग स्वतःच विचारू लागले. कपाशीच्या पऱ्हाटीत असते काय ते? असतं. बकरीत? असतं. पाखरांत? त्यांतही! आई चुलीपाशी ऐकत होती. खूप दिवसांनी तिघं एकत्र जेवलो.

९ जानेवारी
आई गेली. बाबा नाही — आई! सकाळी चूल पेटवायला बसली, ती तिथेच कलंडली.
बाबा तिच्या पायाशी बसलेत. मलाच विचारतात, "हिले काय झालतं, श्रावण? तू तं शिकेल हायेस. काय झालतं हिले?"