कोठीमागचा फोन

माय,

तू गेल्यापासून तुले एक ओळ लिहिली नाही. आज लिहून राहिली, कारण आज सकाळी तुझी चोरी पकडली.

आधी नेटचं ऐक. तू गेल्यावर मी तुमसरले बाबापाशीच राहायले आली. नागपूरच्या कंपनीचं काम घरून करते, टेलिफोनच्या तारेतून येते त्या नेटवर. नेट कसलं, नुसता जीव खाते! ऑफिसच्या मॅडम बोलता बोलता स्क्रीनवर तोंड उघडं ठेवून थांबतात. बाबाले कोणाचा फोन आला, घंटी वाजली, की नेट गेलंच. शेवटी मॅडम म्हणाल्या, "सोमवारी अकराच्या मिटिंगमध्ये लाइन कटली, तर तुम्ही ऑफिसलाच येत जा."

मी नागपूरले गेली तर बाबाले कोण पाहणार? दोनदा गॅस सुरू ठेवून अंगणात जाऊन बसले ते! चार दिवस झाले माय, हाच घोर.

आज सोमवार. नऊ वाजता लाइनमन आला, खांबावर चढून पाहून आला. "बाहेरून लाइन एकदम फिट आहे ताई. घरातच कुठंतरी जुनी पॅरलल, म्हणजे याच लाइनवर दुसरा फोन जोडून आहे, तोच गडबड करून राहिला."

"आमच्या घरी एकच फोन आहे भाऊ."

"मंग डब्बीतून दोन तारा कायले निघाल्या?"

दुसरी तार रंगाखाली दडून स्वयंपाकघरात गेली होती. आम्ही तिच्या मागं गेलो, तर बाबा तांदळाच्या कोठीसमोर उभे, हात पसरून!

"तिकडं काही नाही. हो बाहेर."

"बाबा, साडेनऊ झाले!"

"तिचं सामान आहे. हात नको लावू."

मी ओरडली बाबावर. परक्या माणसासमोर ओरडली. तेव्हा ते बाजूला झाले आणि स्टुलावर जाऊन बसले.

कोठीमागं, तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला काळा फोन. रिसीव्हर कानाले लावला, तर सुरू!

तू? तू तर म्हणायची, "मले नाही बोलता येत त्या डब्ब्यात." मी सासरून फोन लावला की बाबाच बोलायचे. थोड्या वेळानं 'टक' व्हायचं आणि बाबाचा आवाज बारीक व्हायचा. मी म्हणायची, "बाबा, जोरानं बोला ना!" ते बिचारे ओरडायचे. तेव्हा तू उचलत होती ना वं?

मंग तेही ऐकलं असशील. माझं बाळ पोटातच गेलं तेव्हा मी फोनवर बाबाले शपथ घातली होती, "आईले सांगू नका, तिच्यानं सहन होणार नाही." तिसऱ्या दिवशी तू एसटीनं माझ्या दारात, डिंकाचे लाडू घेऊन. "सहज आली," म्हणे! तुझ्यामागं मी बाबाले काय काय बोलली! "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही," इथपर्यंत. त्यानंतर मनातलं काही सांगतलंच नाही. फोनवर नुसत्या धानाच्या आणि पाऊसपाण्याच्या गोष्टी. आणि तू कोठीमागं उभी राहून तेच ऐकत होती का, इतकी वर्षं?

एकदा तरी बोलायची होती माय! नुसतं "मी आहे" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"बाबा, काहून नाही सांगतलं तुम्ही?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणे, पोरीले माहीत झालं तर मोकळं बोलणार नाही." मंग हळूच म्हणाले, "दोघींच्या शपथा होत्या बाई. तुझीही मोडली नाही मी."

लाइनमन घड्याळाकडं पाहत होता. "काटू का ताई?" मी रिसीव्हर कानालेच धरून होती.

"काट गा," बाबाच म्हणाले. "ऐकणारी आता कुठं आहे."

मिटिंग पूर्ण झाली. एकदाही लाइन कटली नाही. उद्याचं भेव आहेच, पण आजचं निभलं.

बाबाले आता कमी ऐकू येते. तुले शब्द देते माय, हे पत्र ठेवलं की त्यांच्या बाजूले बसीन, माफी मागीन आणि इतक्या वर्षांचं सारं सांगीन. जोरानं सांगावं लागेल. तू जिथं असशील तिथं ऐक, आता काही उचलावं लागणार नाही.

तुझ्यासोबत फोनवर कधीच न बोललेली,
तुझी माला