हवा न सोसणारं लेकरू

४ नोव्हेंबर
आले बाई एकदाची फ्रेला! बँकॉकहून बदली मिळेपर्यंत साहेबांच्या अगदी नाकी नऊ आणले होते मी. नवऱ्याचा, पोंगचा, सागवानी फर्निचरचा कारखाना इथेच, सासर इथेच, आणि पोटातलं पाचव्या महिन्याचं लेकरूही आता इथलंच. इतक्या वर्षांनी राहिलंय म्हणून जो तो मला काचेचं भांडं समजतो. इस्पितळाच्या प्रयोगशाळेतली ओनताई मात्र भारी फटकळ. माझं घरचं नाव कुंग, म्हणजे कोळंबी. तर म्हणते कशी, ही कसली कोळंबी, हा तर गाभोळीने भरलेला खेकडा!

६ नोव्हेंबर
माझं काम म्हणजे हवा न सोसणाऱ्या जंतूंना जेवायला घालणं. काय ते नखरे! बाकीचे जंतू मिळेल ते खातात, यांना हवा लागली की संपले. मांसाचं पाणी उकळून त्यातली हवा घालवायची. त्यात यीस्टचा अर्क, रक्तातलं हेमिन, व्हिटॅमिन के, आणि रक्तपेढीतलं मुदत संपलेलं रक्त. शिवाय हवा ओळखणाऱ्या रंगाचा एक थेंब. तो गुलाबी दिसतोय तोवर हवा आहे. रंग उडाला की जेवण तयार. मग बंद काचेच्या पेटीत हातमोज्यांतून हात घालून भरवायचं. ओनताई म्हणाली, चांगलंय, आईपणाची रंगीत तालीम होतेय तुझी.

११ नोव्हेंबर
वॉर्डातल्या बुआलोयचं बाळ पोटातच गेलं. बिचारीचा ताप हटत नाही. गर्भाशयातला पू आमच्याकडे आलाय, पण मेला जंतू कशावरच उगवेना, आणि तो उगवल्याशिवाय नेमकं औषध ठरेना. आज मी इतकी वैतागले की पेटीच्या काचेला नाक लावून म्हटलं, खा ना रे लेकरा, किती छळशील आईला!
ओनताईचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणाली, वेडी का खुळी गं तू? कुमानथोंगची बाहुली, मेलेल्या बाळाचा जीव असलेली, असंच म्हणून घरी आणतात ना? लेकरा म्हणून हाक मारायची, खायला पुढे करायचं. त्यानं खाल्लं की ते तुझं झालं. आणि तेही असल्या दिवसांत! मला हसूच फुटलं.

१३ नोव्हेंबर
उगवला! टपोऱ्या काळ्या ठिपक्यांनी प्लेट भरून गेली. डॉक्टर खूश. पण बुआलोयचा ताप नवं औषध सुरू व्हायच्या आधीच उतरला. नर्सला म्हणाली म्हणे, गेलं ते, त्याला दुसरी आई मिळाली. मला नाही आवडलं हे.

१९ नोव्हेंबर
ओनताईने लावलेल्या प्लेटवर तो येतच नाही. माझ्याच हातचं खातो. काल सुई हातमोज्यातून बोटात घुसली, प्लेटवर थेंब पडला. आज बाकी प्लेट कोरी, आणि त्या थेंबावर काळा गच्च थर.
मला सारखं लू खावंसं वाटतंय, डुकराचं कच्चं रक्त घातलेलं. याआधी वासानेच मळमळायचं. पोंग डोहाळे म्हणून हौसेने आणतो. आज मी वाटी चाटून पुसली.

२४ नोव्हेंबर
ओनताईने सगळ्या प्लेट वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. सुटलो बाई, म्हणाली. मला काही सुटल्यासारखं वाटलं नाही.
पोटात दोन ठिकाणी हालतंय. वर डावीकडे माझं, नेहमीचं. खाली उजवीकडे दुसरं. सोनोग्राफीत एकच दिसलं. डॉक्टर हसले, गॅस असेल म्हणाले. माझ्या तोंडाला पेटीतला सडका वास येतो. पोंग हल्ली तोंड फिरवून झोपतो.

२७ नोव्हेंबर
पंखा लावला की खालचं धडपडतं. खिडकी उघडली तरी. सतत भूक — माझी नाही ही भूक. वरचं दमलंय. दिवसभरात एकदाच हाललं. देवा, माझं वाचू दे.

२९ नोव्हेंबर
ओनताईने देवळामागच्या म्हाताऱ्या मांत्रिकाकडे नेलं. तो म्हणाला, ज्या तोंडाने हाक मारलीस त्याच तोंडाने नातं तोड. म्हण, लेकरा, तू माझं नाहीस, जा. मी मोठ्यांदा म्हटलं. पोटातलं एक जण लगेच गप्प झालं. ओनताईने मला घट्ट मिठी मारली. रडलो आम्ही दोघी.

३० नोव्हेंबर
वर डावीकडे काहीच नाही. सकाळपासून. थोपटलं, गोड खाल्लं, कुशीवर झोपले — नाही.
दोघांनाही मी लेकराच म्हणत होते. कुणाला जा म्हणतेय ते कुठे सांगितलं मी — ज्याने आईचं ऐकलं ते —

१ डिसेंबर
डॉक्टर यंत्र फिरवत राहिले. ठोका नाही म्हणाले. मी किंचाळले, हालतंय ना अजून, हात लावून बघा! त्यांनी लावला. चटकन काढून घेतला. उद्या मोकळी करणार म्हणतात. ते खालच्याला कळलंय —

रात्र नाही, दिवस आहे बहुतेक
खिडक्या लावल्या. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. पोंग बाहेरून दार बडवतोय. तरी आत धडका — पंख्याने नाही, खिडकीने नाही. मी श्वास घेते म्हणून. रोखला की गप्प बसतं. किती शहाण्यासारखं गप्प बसतं. वर डावीकडेही आत्ता काहीतरी — हो, हाललं, माझंच — नक्की माझंच — अजून थोडा रोखला तर