दुपारी बिघडणारं पाणी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र. नव्या घरात सामान लागलं. मागच्या बाजूला पोहण्याचा पूल आहे आणि त्याला लागूनच, छपराखाली, गरम पाण्याचा, बुडबुड्यांचा छोटा स्पा, म्हणजे बसायचं टाकंच. दोघांचं पाणी एक, फिल्टरही एकच. खरं तर घर घेतलं ते या स्पासाठी. हिचा उजवा खांदा पार आखडलाय. डॉक्टर म्हणाले, रोज गरम पाण्यात बसून हात हलवा, नाहीतर तो कायमचा तसाच राहील. मे महिन्यात लेकीचं बाळंतपण. नातवंडाला उचलता आलं पाहिजे, एवढा एकच ध्यास हिने घेतलाय.

पण पाणी अजून तयार नाही. पूलवाला आठवड्यातून एकदा यायचा, काठावरूनच बघायचा आणि चालेल म्हणायचा. त्याला मी नारळ दिला. आता सगळं माझ्या हातात आहे. स्पा रोज तापवून ठेवतो, कारण चाचणी गरम पाण्यातच घ्यायला हवी. पीएच साडेसातवर आणि क्लोरीन तीनवर सलग आठवडाभर टिकला की हिला उतरवणार. तोवर कोणी त्यात पाय बुडवायचा नाही.

लोभ आहे, त्याचं प्रमाण बिघडू देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

१३ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग चिडले. मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. पीएच थोडा इकडेतिकडे झाला म्हणून माणूस विरघळत नाही. तुझ्या चाचणीच्या बाटलीवरसुद्धा कुठपासून कुठपर्यंत चालतं ते छापलेलं असेल, वाच जरा. लहानपणी तू आंघोळीच्या पाण्यात पुन्हा पुन्हा कोपर बुडवून बघायचास, तोवर ते निवायचं, आणि मग गार झालं म्हणून भोकाड पसरायचास. आई कपाळाला हात लावायची. आता मी लावते.

वहिनीला आजच्या आज उतरव. पाण्याला घाई नाही, पण तिच्या खांद्याला आहे.

माझा राग चार दिवसांचा, माया कायमची. तब्येत सांभाळ.

तुझी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चालतं हा पूलवाल्याचा शब्द, तो तुझ्या तोंडी शोभत नाही. इथे मी एका विचित्र भानगडीत सापडलोय. रोज चारला नमुना बाटलीत भरून पूलच्या सामानाच्या दुकानात नेतो. मालकाकडे यंत्र आहे. यंत्र म्हणतं, पीएच साडेसात, क्लोरीन तीन. आम्ही दोघं चहा पितो, पाण्यावर बोलतो, आणि मी सहाला घरी येतो. घरी चाचणी घ्यावी तर पीएच चढलेला आणि क्लोरीन उतरलेला! मग पुन्हा अ‍ॅसिड घाला, पुन्हा क्लोरीन घाला. पंप खोलून पाहिला. झडप बदलली. शेजाऱ्यांच्या झाडाचा संशय आला म्हणून त्यांच्या मागे लागून एक फांदी छाटायला लावली. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. पाणी मात्र बिघडायचं ते बिघडतंच. आणि गंमत बघ, रविवारी दुकान बंद, मी दिवसभर घरी, तर त्या दिवशी ते हूं की चूं करत नाही. दुकानातलं यंत्रच लबाड असावं असं मला वाटू लागलंय.

हिने उतरू का म्हणून दोनदा विचारलं, मी थांब म्हणालो, मग विचारणंच सोडलं. समजूतदार आहे. आणि खांदा आपोआप सुटत चाललाय! मी घाई केली नाही, विश्रांती कामाला आली. डॉक्टरही चकित झाले.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

१८ मार्च

सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र भाऊ दुकानात गेल्यावर वाच. म्हणजे त्या वेळी तुला सवड असेल तर.

त्याने मला सगळे आकडे कळवलेत. पाण्यात हवेचे बुडबुडे सोडले की पीएच चढतो. गरम पाण्यात माणूस बसलं की क्लोरीन खर्ची पडतो. माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्यांनाही हे कळलं असतं. शेजाऱ्यांच्या झाडाला काही बुडबुड्यांचं बटण दाबता येत नाही, आणि झाडं रविवारची सुट्टी पाळत असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मी काही विचारत नाही. फक्त हात कुठवर जातो तेवढं कळव.

तुझ्यावर जीव आहेच, या पत्राने थोडा वाढलाय.

तुझी,
वन्सं

२७ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

हात कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत जातो. आज माझे केस मी बांधले. तुमचं पत्र मी तिथेच बसून वाचलं, त्यामुळे निम्मी शाई पाण्यात गेली. तिचेही आकडे ह्यांना लागले असतील.

लपवाछपवी कशाला असं तुम्हाला वाटेल. वन्सं, आधी मी खरंच थांबले हो. समोर पाण्यातून वाफा निघताहेत आणि मी काठावर खुर्ची टाकून बसलेली. एके दिवशी स्वेटर काढताना हात मध्येच अडकला. ना आत जाईना, ना बाहेर येईना. मी डोक्यावर स्वेटर घेऊन रडत होते आणि हे शेजारच्या खोलीत काचनळीत थेंब मोजत होते. हाकसुद्धा मारली नाही मी. त्या दुपारी ह्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मी पाण्यात उतरले. फार राग होता तेव्हा. आता तेवढा राहिला नाही.

सांगितलं तर हे मला बाहेर काढतील, नाहीतर दर दहा मिनिटांनी माझ्या कानाशी बाटली बुडवतील. शिवाय निवृत्त झाल्यापासून हे पहिल्यांदाच शीळ घालत घरात फिरताहेत. हे कोडं सोडवून टाकलं तर दुसरं कुठून आणू? झाडाचं मात्र मनाला लागलं. शेजारणीला मी गुपचूप केक नेऊन दिला.

तुमची माया अशीच पाठीशी असू द्या, आणि तोंडावर बोट.

तुमची,
वहिनी

२४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. ही लेकीकडे जाऊन राहिलीय. बाळाला पहिल्यांदा उचललं ते हिनेच, दोन्ही हातांनी, असं लेक फोनवर सांगत होती.

इकडे पाणी जागचं हलत नाही. घरचे आकडे आणि दुकानातले आकडे तंतोतंत जुळले, तेही सलग आठवडाभर. मालकाने उठून माझा हात हातात घेतला. मी धावत घरी आलो, सांगायला हिला हाक मारली, आणि मग आठवलं, घरात कोणी नाही.

पाणी तयार होतं, म्हणून मीच उतरलो. या घरात पहिल्यांदाच. काठावर बुडबुड्यांचं बटण आहे, ते मी कधी दाबलंच नव्हतं. दाबलं. तासभर बसलो. बाहेर येऊन सवयीने चाचणी घेतली. पीएच चढलेला, क्लोरीन उतरलेला. तेच आकडे, ताई, अगदी तेच.

मी तिथेच ओल्या अंगाने बसून राहिलो. हिने विचारणं सोडलं तेव्हा मी समजूतदार म्हणून शाबासकी दिली होती. फार लाज वाटली गं. स्वतःच्या घरात, हिच्यासाठी तापवलेल्या पाण्यात, हिला माझी नजर चुकवून उतरावं लागलं. आणि तू रसायनशास्त्राची बाई, तुला यातलं काही कळलं नव्हतं असं मला सांगू नकोस.

तरीही लोभ असू दे. सध्या मला त्याची गरज आहे.

तुझा,
भाऊ

६ जून

प्रिय,

वर काय लिहावं इथेच अर्धा तास गेला. आशीर्वाद देण्याची माझी सध्या पात्रता नाही. फोनवर लेक शेजारी असते, म्हणून पत्र.

बाळ तुझ्याच खांद्यावर झोपतं असं कळलं. डॉक्टरांची गाठ पडली होती. हात पूर्ण वर जाईपर्यंत गरम पाण्यातला व्यायाम सोडायचा नाही, असं म्हणाले. कसला व्यायाम ते मी विचारलं नाही. बरं म्हणालो.

शेजाऱ्यांकडे झाडाबद्दल माफी मागायला गेलो. ते उलट केकबद्दलच आभार मानत बसले. मला काही उलगडा झाला नाही, पण मी मान डोलावली.

स्पाच्या पायरीला डाव्या बाजूने धरायला दांडा बसवून घेतलाय. असाच, सुचलं म्हणून. तू आलीस की मी चारला दुकानात जाईन, नेहमीसारखा. सहाच्या आत येणार नाही, आणि आलो की फाटकाशीच हॉर्न वाजवीन. क्लोरीन सकाळीच जरा जास्त घालत जाईन, म्हणजे दिवसभर पुरेल.

इथे रोज संध्याकाळी आकडे बरोबर येतात. मला ते बघवत नाहीत. लवकर ये.

तुझाच